कल्याणप्पाचा भोंगा आणि तिसरा तुकडा

माकणीच्या कल्याणप्पा मुळजेला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून आवडल्या. एक त्याचा अॅल्युमिनियमचा भोंगा, आणि दुसरी म्हणजे लोकांच्या संगीताला नावं ठेवणं. या दोन्हींनंतर आपला नंबर कितवा, हे त्याच्या बायकोनं, श्रीदेवीनं, लग्नानंतर एकदाच विचारलं. उत्तर ऐकल्यावर तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, पण भाजीत मीठ मात्र अधूनमधून जास्त पडायला लागलं.

धंदा त्याचा लाउडस्पीकरचा. लग्न, बारसं, वास्तुशांत, प्रवचन, जिथं चार माणसं जमतील तिथं कल्याणप्पाचा भोंगा लिंबाला टांगलेला असायचा. पुढं गाणी अशी निघायला लागली, की अक्षता पडायच्या आत नवरीच्या मामानं येऊन वायर उपटावी. उमरग्याकडच्या एका लग्नात पंगत बसलेली असताना भोंग्यातून एक बाई भलतंच काहीतरी मागायला लागली. पहिल्या पाटावरच्या जंगम महाराजांनी हातातला घास परत ताटात ठेवला आणि भोंग्याकडं असं काही बघितलं, की कल्याणप्पानं त्याच दिवशी ठरवलं, इथून पुढं शब्दच नकोत.

सिनेमात मारामारीच्या, रडारडीच्या, पळापळीच्या मागं जे नुसतंच वाजत असतं, त्याचेही हल्ली वेगळे अल्बम निघतात, हे त्याला मोबाईलवर कळलं. शब्द नाहीत म्हणजे महाराजांचा घास सुरक्षित. पण हळदीला कुठला तुकडा लावायचा आणि पंगतीला कुठला, हे ठरवायचं तर अख्खा अल्बम ऐकायला हवा. मग दर सोमवारी, महादेवाचं दर्शन उरकलं की, कल्याणप्पा दारातल्या लिंबाला भोंगा बांधायचा, नवा निघालेला अल्बम मोबाईलवरून अॅम्प्लिफायरला जोडायचा आणि खुर्ची टाकून बसायचा. ऐकायचा तो, पण ऐकावं लागायचं सगळ्या गल्लीला. गल्लीचं मत त्यानं कधी विचारलं नाही.

लोहाऱ्याहून ‘तेरणाकाठ’ नावाचं साप्ताहिक निघतं. त्याचे संपादक आण्णासाहेब एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारी कल्याणप्पा स्वतःच लावलेल्या संगीताला अशा काही शिव्या घालत होता, की आण्णासाहेबांना हसता हसता ठसका लागला. आण्णासाहेब म्हणाले, “हेच लिहून द्या की ओ. आमच्या पेपरात आमदाराच्या वाढदिवसाशिवाय काही नसतंय.” असं ते सदर सुरू झालं. नाव ठेवलं ‘कानफटात’.

आता तो काय लिहायचा त्याचा नमुना द्यायलाच हवा, नाहीतर लोकांना वाटेल आपण उगाच त्याच्या मागं लागलोय. ‘ज्वालासूर, भाग दोन’ या अल्बमबद्दल त्यानं लिहिलं होतं, “यात चाळीस व्हायोलिनं वाजवली आहेत असं सांगतात. चाळीस माणसांना एकदम खरूज झाली तर असाच आवाज येईल.” ‘तुझ्या गल्लीत ऊन’ या प्रेमाच्या सिनेमाबद्दल, “बासरी बरी आहे. वाजवणाऱ्यानं आधी दम्याचं औषध घ्यावं.” आणि त्याची खरी कसोटी शेवटी यायची. लग्नाच्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत असताना तो अल्बम लावून बघायचा आणि लोक पुन्हा वाढून घेतात का, ते मोजायचा. “या संगीतावर कुणीच दुसऱ्यांदा हुग्गी घेतली नाही. यजमानानं मात्र माझे आभार मानले.” असं त्यानं तीन-चार अल्बमबद्दल तरी लिहिलं असेल.

सिनेमा मात्र त्यानं त्यातला एकही बघितला नव्हता. “चित्र दिसायला लागलं की कान आंधळे होत्यात,” असं तो म्हणायचा. आणि ऐकायचा फक्त भोंग्यावर. डीजेच्या बॉक्सांवर त्याचा दातच होता. एक तर त्यांनी त्याची निम्मी लग्नं पळवली होती. त्याचं म्हणणं, संगीत कानानं ऐकायचं असतं, छातीनं नाही. छातीत धमधम करायला बायको आहे, आजारपण आहे, बँकेची नोटीस आहे. जे भोंग्यातून येत नाही ते संगीतच नव्हे.

तर अशा माणसाच्या तावडीत सास्तूरचा इंद्रजित सापडला.

इंद्रजित तिथल्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. त्याचं आणि कल्याणप्पाचं वैर जुनं, सहावीपासूनचं. म्हणजे इंद्रजित सहावीत होता, कल्याणप्पा तेव्हाही भोंगा घेऊनच होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगं हार्मोनियम वाजवत होतं आणि कल्याणप्पानं मधेच जाऊन माईकची वायर काढली. समोर सगळं गाव बसलेलं. कारण विचारलं तर म्हणाला, “पट्टी सोडली त्यानं.” पोरगं रडलं, मास्तर चिडले, आणि शाळेनं पुढच्या वर्षी दुसरा लाउडस्पीकर सांगितला. पोरगं पुढं पुण्याला गेलं, मुंबईच्या स्टुडिओत राबलं, आणि आता त्याच्या नावावर अख्खा सिनेमा लागला होता. ‘पत्र्याचं गाव’. भूकंपानंतर सास्तूरकडची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, त्या दिवसांचा. पार्श्वसंगीताचा अल्बम निघाला तशी चौकात कमान लागली, सास्तूरच्या सुपुत्राचं अभिनंदन म्हणून. अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो सुपुत्रापेक्षा मोठे होते.

कल्याणप्पाची थोरली बहीण शांताक्का सास्तूरला दिलेली. धाकट्या भावाला ती तम्मा म्हणायची. तिनं आधीच फोन केला.

“तम्मा, त्या पोराबद्दल जरा नीट लिही. कितींदा तरी माझ्यापाशी येऊन बसलाय. समदं इचारून घेतलंय त्यानं.”

“अक्का, म्या लिहितो ते कानाला इचारून लिहितो.”

“मग आज कानाला माझं नाव सांग,” अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्कानं त्याला कधी काही मागितलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे तिच्या अंगावर घर पडलं. दुपारी तिला बाहेर काढली, नवऱ्याला काढला तो मेलेला. त्यावर ती कधी बोलायची नाही. बोलायची ते फक्त आवाजाबद्दल. सास्तूर-माकणीकडची त्या वयाची माणसं एकत्र बसली की कधी ना कधी त्या आवाजावर यायचीच. जमिनीखालून आला, ट्रकसारखा होता, नाही, ट्रकसारखा नव्हता. अशा वेळी कल्याणप्पा उठून तंबाखू मळत बाजूला जायचा. त्यानं तो आवाज ऐकलाच नव्हता. गणपती विसर्जनाला भोंगा घेऊन तो सोलापूरकडं गेला होता आणि कानात कापूस घालून टेम्पोत झोपला होता. टेम्पो हलला तेव्हा त्याला वाटलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली. सगळ्या पंचक्रोशीनं ऐकलेला एक आवाज नेमका त्यानंच ऐकला नाही, आणि लोक त्याला आवाजातला जाणकार म्हणत होते. हे त्याला फार लागायचं. म्हणून तर तो बाकीच्या सगळ्या आवाजांवर इतका तुटून पडायचा, असं श्रीदेवी म्हणायची. पण बायकांचं कोण ऐकतो.

सोमवारी त्यानं अल्बम लावला. पहिले दोन तुकडे वाजले. तिसऱ्याचं नाव होतं ‘पहाट’. तो सुरू झाला आणि भोंगा गप्प झाला.

श्रीदेवी दारात आली. “बंद पडला काय ओ?”

“न्हाय. चालूय.”

“मग वाजंना कामून?”

“तेच तर लिहायचंय,” कल्याणप्पा म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला, जो श्रीदेवीनं स्वतःच्या लग्नातही बघितला नव्हता.

अॅम्प्लिफायरवरची आवाज मोजणारी सुई मात्र उड्या मारत होती. आवाज नाही तर सुई कशी नाचते, असं दुसऱ्या कुणाच्याही अॅम्प्लिफायरबद्दल त्यानं लगेच विचारलं असतं. त्यानं काचेवर दोन टिचक्या मारल्या. सुई तरीही नाचत राहिली. बिघडली असेल म्हणून त्यानं तिच्यावर रुमाल टाकला.

‘कानफटात’मध्ये छापून आलं ते असं. “तिसरा तुकडा साडेतीन मिनिटांचा असून त्यात काहीही नाही. इंद्रजितरावांनी डबा विकला, आत माल भरायचा राहून गेला. सहावीत त्यांचा माईक मला बंद करावा लागला होता. आता ते स्वतःच बंद करायला शिकले, ही प्रगती आहे. सास्तूरच्या एका जरी माणसानं मला या तुकड्यात आवाज दाखवला, तर मी लिहिणं सोडीन आणि माझा भोंगा तेरणेच्या धरणात बुडवीन.”

ते कात्रण फोनोफोनी सगळ्या लोहारा तालुक्यात फिरलं. सास्तूरच्या दोन लग्नांनी भोंगा रद्द केला. मोटरसायकलवर जाणारी पोरं माकणीत त्याच्या दारासमोर हॉर्न दाबून जायला लागली. आण्णासाहेबांनी तेवढा अंक दुसऱ्यांदा छापला आणि सगळ्यांना सांगत सुटले, की आपल्याला फार वाईट वाटलं. शांताक्काचा फोन येणं मात्र बंद झालं. कल्याणप्पानं लावला तर उचलायची नाही. हे त्याला सोसत नव्हतं, पण आता माघार घ्यायची म्हणजे भोंगा खोटा ठरवायचा.

मग इंद्रजितचाच फोन आला.

“अप्पा, तुम्ही ऐकलंत कशावर?”

“कशावर म्हंजे? भोंग्यावर.”

पलीकडं हसू फुटलं. त्या हसण्यानंच घात केला. नुसतं समजावून सांगितलं असतं तर कदाचित मिटलं असतं.

“भोंग्यावर? अहो अप्पा, खालचे, खर्जाचे आवाज भोंग्यातून येतच नाहीत. तो तुकडा सगळा खर्जातच आहे.”

“मंग सिनेमावाल्यांनी खर्ज इकावा आणि लोकांनी कान गहाण ठिवावेत व्हय? भोंग्यातून येत न्हाय ते संगीत न्हाय.”

“तुम्ही माझा माईक बंद केला होता, आठवतंय?”

“बेसूर व्हतास.”

“सहावीत होतो मी.”

“सहावीतला बेसूर व्हतास.”

“रविवारी दुपारी सास्तूरला या,” इंद्रजित म्हणाला. “चौकात बॉक्स लावतो. सगळ्या गावासमोर. येताना भोंगा घेऊन या. परत न्यायची गरज पडणार नाही.”

आता न जाणं म्हणजे तोंड लपवणं. रविवारी कल्याणप्पा पांढरा सदरा घालून, कपाळाला विभूती लावून टेम्पोत बसला. मांडीवर धोतरात गुंडाळलेला भोंगा. टेम्पोतली एक म्हातारी म्हणाली, “नातवंड झोपलंय वाटतं.” त्यानं धोतर आणखी घट्ट गुंडाळलं.

सास्तूरचे रस्ते रुंद, घरं लांब लांब. भूकंपानंतर गाव वसवताना मोकळी जागा मुद्दाम सोडलेली. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं, मागं पोरं-पोरी मोबाईल उगारून. समोर माणसाच्या उंचीचे काळे बॉक्स. आण्णासाहेब पाण्याचा स्टीलचा पेला हातात घेऊन अशा जागी बसले होते, जिथून दोघांचीही तोंडं नीट दिसतील. शांताक्का पहिल्या रांगेत होती.

“शरणार्थी, अक्का,” म्हणत त्यानं हात जोडले.

अक्कानं पदर सारखा केला आणि बॉक्सांकडं बघत राहिली.

पहिला तुकडा झाला. कल्याणप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तंबोरा हाय का बोअरची मोटार?” मागून कुणीतरी म्हणालं, “धरणाकडं जाणारी गाडी किती वाजता हाय ओ, अप्पाला?” खूप हशा झाला. दुसरा तुकडा झाला. इंद्रजित माईकवर म्हणाला, “आता तिसरा. ज्यांना यात काही नाही असं वाटतं, त्यांनी पुढं येऊन बसावं.” कल्याणप्पा खुर्ची उचलून थेट बॉक्ससमोर जाऊन बसला, भोंगा मांडीवर.

सुरुवातीला काहीच नाही. त्यानं मागं वळून गावाकडं बघितलं, आणि हसला.

मग आण्णासाहेबांच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उमटल्या. खुर्चीचा पाय फरशीवर टिकटिक करायला लागला. मांडीवरचा भोंगा धोतरातल्या धोतरात थरथरला. आवाज कानाकडून आलाच नाही. तो चपलेतून आला, गुडघ्यात चढला, पोटात गेला, आणि तिथं कुणीतरी जड काहीतरी ओढत नेत असल्यासारखा फिरायला लागला. मागची पोरं छातीवर हात ठेवून एकमेकांकडं बघून हसत होती. भारी आहे म्हणत होती.

शांताक्का उठली.

ती घाबरली नाही, ओरडली नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू दंडाला धरून उचललं, काखेत घेतलं आणि चालायला लागली. तिच्यामागं दुसरी म्हातारी उठली. मग धोतरवाले दोघं. मग सगळी पुढची रांग. चौक ओलांडून ती सगळी मोकळ्या पटांगणात गेली, घरांपासून लांब, आणि मधोमध खाली बसली. पोरांना वाटलं, म्हाताऱ्यांना आवडलं नाही, उठून चालले. इंद्रजितलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं आवाज वाढवला.

कल्याणप्पाला कळलं. ज्यावरून तो इतकी वर्षं तंबाखू मळत बाजूला जात होता, ते हेच. तो उठला, भोंगा खुर्चीवर ठेवला, बॉक्सच्या मागं गेला आणि वायर उपटली.

इंद्रजित माईक हातात धरून उभा.

“पुन्हा?” तो म्हणाला.

“पुन्हा,” कल्याणप्पा म्हणाला. “तिकडं बघ.”

इंद्रजितनं पटांगणाकडं बघितलं. भूकंपानंतर चार वर्षांनी जन्मलेलं पोरगं ते. त्यानंही तो आवाज ऐकलेला नव्हता. म्हाताऱ्यांना विचारून विचारून बनवला होता. आपण काय बनवलं ते त्याला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. चेहरा पांढरा पडला, हे खरं. पण कल्याणप्पाला त्याची दया आली असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

दोघं पटांगणात गेले, एकमेकांपासून अंतर ठेवून. कल्याणप्पा अक्काजवळ उकिडवा बसला.

“अक्का, असाच व्हता?”

“व्हय,” अक्का म्हणाली. काखेतलं लेकरू तिनं अजून सोडलं नव्हतं. “असाच. तू न्हवतास.”

“न्हाय.”

मग तिनं इंद्रजितकडं बघितलं. “पोरा, तुला सांगितलं ते तुला ठाव असावं म्हणून. मला ऐकवावं म्हणून न्हाय. बरोबर केलायस. पुन्यांदा इथं लावू नगंस.”

इंद्रजितनं मान हलवली. चांगलं म्हटलं की वाईट, ते त्याला कळत नव्हतं. कल्याणप्पालाही कळत नव्हतं, पण त्यानं चेहरा कळल्यासारखा ठेवला.

तेवढ्यात आण्णासाहेब आले. पत्रकार माणूस, कुठं काय विचारू नये हे त्यांना बरोबर कळतं आणि ते तेच विचारतात. “म्हणजे आवाज आहे म्हणायचा? मग आपलं ते सदराचं काय?”

“आवाज हाय,” कल्याणप्पा म्हणाला. “सास्तूरच्या माणसांनी दावला. म्या हारलो.” तो चौकात गेला, खुर्चीवरचा भोंगा उचलला आणि धरणाच्या रस्त्याला लागला. पोरं मोबाईल घेऊन मागं निघाली.

“तम्मा,” अक्कानं हाक मारली. “ते धरणात टाकू नगंस. ते पाणी आमी पितो.”

“शब्द दिलाय, अक्का.”

“लिहिणं सोड. भोंगा राहू दे. तुझ्या लिहिण्यापरीस भोंग्याचा ताप कमी हाय.”

पोरं हिरमुसली. एकानं तर पाण्यात बुडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच कॅमेरा आडवा धरला होता.

‘कानफटात’चा शेवटचा लेख सगळ्यात छोटा निघाला. “तिसऱ्या तुकड्यात आवाज आहे. मी ऐकला नव्हता, आता ऐकला. ज्यांनी पूर्वी ऐकला आहे त्यांच्यासमोर तो लावू नये. बाकीचे सहा तुकडे टुकार आहेत.” आण्णासाहेबांनी शेवटचं वाक्य काढायची विनवणी केली. कल्याणप्पा म्हणाला, “काढायचं असंल तर पहिली तीन बी काढा.”

पुढं वर्षाच्या आत इंद्रजितचं लग्न ठरलं, कळंबच्या अर्पिताशी. लग्न सास्तूरलाच. आता नवरदेवाच्या लग्नात नवरदेवाचाच अल्बम वाजणार, आणि मित्रांचा हट्ट, की पुरा वाजला पाहिजे, एकही तुकडा गाळायचा नाही. गाळला तर अपमान, आणि लावला तर पंगतीतली अर्धी माणसं ताट सोडून पटांगणात. मास्तर दोन दिवस डोकं धरून बसले. शेवटी शांताक्कानंच सुचवलं, की अख्ख्या तालुक्यात असं एकच यंत्र आहे ज्यावर तो अल्बम पुरा लावता येतो. इंद्रजितनं स्वतः फोन केला नाही. वडिलांना करायला लावला. कल्याणप्पानंही लगेच हो म्हटलं नाही. सोमवारी सांगतो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी लिंबाला भोंगा टांगलेला होता. पंगत बसली, हुग्गी फिरायला लागली, आणि तिसरा तुकडा सुरू झाला. भोंगा गप्प. म्हातारी माणसं निवांत जेवत होती, शांताक्का शेजारणीच्या पानात तूप ओतत होती. कुणाला वाटलं तुकडा संपला, कुणाला वाटलं लाईट गेली. फक्त कल्याणप्पा अॅम्प्लिफायरपाशी बसून उड्या मारणाऱ्या सुईकडं बघत होता. या वेळी त्यानं तिच्यावर रुमाल टाकला नाही.

मुंडावळ्या बांधलेला इंद्रजित पंगतीत विचारपूस करत करत तिथपर्यंत आला. त्यानंही सुईकडं बघितलं.

“कसा आहे?” तो म्हणाला.

“तिसरा बरा हाय,” कल्याणप्पा सुईवरची नजर न काढता म्हणाला. “ह्यावर लोकांनी दुसऱ्यांदा हुग्गी घेतली.”

“आणि बाकीचे?”

“टुकार,” कल्याणप्पा म्हणाला, आणि चौथा तुकडा सुरू झाला तसा त्यानं आवाज बारीक केला.